अभिरूप संसदेची समिती: पहिल्या दोन बैठका कशा घ्याव्यात

आमच्या कॉलेजातल्या अभिरूप संसदेत, म्हणजे खऱ्या संसदेच्या धर्तीवर मुलांनी चालवायच्या तालमीच्या संसदेत, पहिल्या वर्षी आम्ही समितीप्रमुख टाळ्यांनी निवडला. वर्गात पंधरा मुलं-मुली होती. एकानं नाव सुचवलं, पुढच्या बाकावरच्या चौघांनी टाळ्या वाजवल्या, त्यांचं बघून बाकीच्यांनीही वाजवल्या. मुलगा गुणी होता, बोलायला तयार होता, रावेरकडचा, घरची केळीची बाग. विषय होता पीकविमा. तीन बैठकांनंतर जो अहवाल हाती आला तो फक्त केळीचा होता. कापसाला दोन ओळी, मक्याला एकही नाही. चोपडा तालुक्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून दोन मुली आल्या होत्या. त्या काय बोलल्या हे कागदावर कुठेच नव्हतं, कारण इतिवृत्त कोणी लिहायचं हेच ठरलं नव्हतं.

त्यात त्या मुलाचा काही दोष नव्हता. नियम न ठरवता मुलांना बैठकीला बसवणारा मी होतो. तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून आहे: विषय कोणता हे कळायच्या आधी नियम ठरले पाहिजेत. एकदा विषय कळला की प्रत्येकाला आपल्या फायद्याचा नियम दिसायला लागतो. जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या ज्या शाळा-कॉलेजांत यंदा पहिल्यांदा अभिरूप संसद भरवणार आहेत आणि तिच्यात एक समितीही बसवणार आहेत, त्या शिक्षकांसाठी आणि मुलांसाठी हा लेख आहे. सभागृहातल्या भाषणांची तालीम सगळेच घेतात. समितीची तालीम घेणारे मला कमी भेटले.

आधी खरी समिती समजून घ्या

मुलांना पहिल्या तासाला हे सांगा, कारण यात बहुतेकांची चूक होते. आपल्या लोकसभेच्या समितीचा प्रमुख समितीचे सदस्य मतं देऊन निवडत नाहीत. समितीच्या सदस्यांमधूनच एकाची नेमणूक लोकसभा अध्यक्ष करतात. लोकसभेचे उपाध्यक्ष त्या समितीत सदस्य असतील, तर प्रमुखपद त्यांच्याकडे जातं. निवडणूक होते ती काही समित्यांच्या सदस्यांची. लोकलेखा समितीत लोकसभेचे 15 आणि राज्यसभेचे 7 असे 22 सदस्य असतात आणि ते एकल संक्रमणीय मतानं, म्हणजे पसंतीक्रम देऊन, निवडले जातात. मंत्री या समितीत बसू शकत नाही. सरकारचा हिशेब तपासणाऱ्या समितीत सरकारच बसलं तर तपासणार कोण, हे मुलांना लगेच पटतं. 1967 पासून या समितीचं प्रमुखपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. प्रत्येक खात्यावर लक्ष ठेवणाऱ्या विभागीय स्थायी समित्या 1993 मध्ये आल्या. तेव्हा त्या 17 होत्या, 2004 पासून 24 झाल्या. एकेका समितीत 31 सदस्य असतात, लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10.

नावांचा गोंधळही आधीच मिटवा. लोकसभेत ‘अध्यक्ष’, राज्यसभेत ‘सभापती’. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या प्रतिभाताई पाटील 1986 ते 1988 या काळात राज्यसभेच्या उपसभापती होत्या, हे सांगितलं की मुलांच्या डोक्यात तो शब्द पक्का बसतो. महाराष्ट्र विधानमंडळात समितीच्या प्रमुखाला ‘समितीप्रमुख’ म्हणतात, म्हणजे सभागृहाच्या अध्यक्षांशी गल्लत होत नाही. आम्हीही तोच शब्द वापरतो. ज्या मुलांचे आईवडील जिल्हा परिषदेत नोकरीला आहेत, त्यांनी घरी ‘पीआरसी येणार आहे’ हे वाक्य ऐकलेलं असतं. ती म्हणजे विधानमंडळाची पंचायत राज समिती. तिच्या दौऱ्याआधी कार्यालयात फायलींची काय धावपळ उडते हे अशा मुलाला वर्गात सांगू द्या. समितीत किती ताकद असते हे माझ्या व्याख्यानापेक्षा त्याच्या पाच वाक्यांतून जास्त कळतं.

जिथे समितीप्रमुखाची खरोखर निवडणूक होते अशी संसदही आहे. कॅनडात स्थायी समितीच्या पहिल्या बैठकीत पहिलं काम प्रमुखाच्या निवडीचं असतं. निवड होईपर्यंत बैठक समितीचा सचिव चालवतो. तो सदस्य नसतो, त्याला मत नसतं, आणि निवड होईपर्यंत तो दुसरा कुठलाही प्रस्ताव घेऊ शकत नाही. एकापेक्षा जास्त उमेदवार असले तर गुप्त मतदान होतं. ब्रिटनमध्ये 2010 पासून बहुतेक ‘सिलेक्ट’ समित्यांचे (तिथल्या, सरकारच्या कामावर लक्ष ठेवणाऱ्या समित्यांचे) प्रमुख सगळं सभागृह गुप्त मतदानानं निवडतं. आपण भारताच्या संसदेचे नियम शिकवत असलो, तरी वर्गात मी निवडणूकच घेतो, कारण नेमणूक करायची म्हटली तर ती शिक्षकानं करावी लागते आणि मुलांना तिच्यातून काही शिकायला मिळत नाही. मात्र हा फरक त्यांना स्पष्ट सांगून ठेवतो.

पहिली बैठक: फक्त निवड

या बैठकीला तासभर ठेवा आणि दुसरा विषय घेऊ नका. विषय अजून जाहीर करायचाच नाही.

पीठासीन अधिकारी, म्हणजे निवड होईपर्यंत बैठक चालवणारा, म्हणून समितीबाहेरचा कोणीतरी बसवा. ग्रंथपाल असतील तर फार चांगलं. मी स्वतः बसत नाही, कारण परीक्षेचे गुण माझ्या हातात असतात आणि मुलं माझ्या चेहऱ्याकडे बघून हात वर करतात.

नाव सुचवणारा सूचक, त्याला दुजोरा देणारा अनुमोदक, आणि ज्याचं नाव आलं त्याची संमती, हे तिन्ही पाहिजेत. संमती विचारायची राहून जाते. एका वर्षी एका लाजऱ्या मुलीचं नाव मैत्रिणींनी गंमत म्हणून दिलं आणि ती रडत वर्गाबाहेर गेली. तेव्हापासून उमेदवारानं उभं राहून ‘मला मान्य आहे’ असं म्हटल्याशिवाय फळ्यावर नाव लिहायचं नाही, असा आमचा दंडक आहे.

मग प्रत्येक उमेदवाराला दोन मिनिटं. त्यात एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं: बैठक कशी चालवाल? गावासाठी काय कराल, शेतकऱ्यांसाठी काय कराल हे इथे चालणार नाही. समितीप्रमुखाचं काम बोलणं नव्हे, दुसऱ्यांना बोलू देणं हे आहे, आणि ते ज्याला सांगता येतं तो सहसा चांगला प्रमुख होतो. माझ्या अनुभवात सगळ्यात चांगली प्रमुख शिरपूरकडची एक मुलगी होती. तिनं दोन मिनिटांतलं एकच मिनिट वापरलं आणि सांगितलं, “मी यादी करीन, आणि यादीत ज्याचं नाव आधी तो आधी बोलेल.” बाकीच्यांची भाषणं कुणाला आठवत नाहीत.

मतदान गुप्तच ठेवा. हात वर करून मतदान सोपं वाटतं, पण वर्गात एका गावची, एका वसतिगृहाची मुलं असतात. हात कोणाच्या बाजूनं गेला हे दुसऱ्या दिवशी एसटीत विचारलं जातं. एकाच वहीची पानं फाडून सारख्या आकाराच्या चिठ्ठ्या करा आणि सगळ्यांना एकाच शाईचं पेन द्या. मतमोजणी फळ्यावर सगळ्यांसमोर, पाच-पाचच्या रेघा मारून.

जिंकायला किती मतं लागतील हे चिठ्ठ्या वाटण्याआधी सांगा. आम्ही उपस्थितांच्या निम्म्याहून जास्त धरतो. पंधरा जण असले तर आठ. समजा तीन उमेदवारांना 6, 5 आणि 4 अशी मतं पडली. कोणालाच आठ नाहीत. अशा वेळी शेवटचा उमेदवार बाद होतो आणि पुन्हा मतदान होतं. मुलं म्हणतात, ‘सर, सहा मतं सगळ्यात जास्त आहेत ना, मग झालं.’ तेव्हा त्यांना विचारा, नऊ जणांनी ज्याला मत दिलं नाही तो पंधरा जणांचा प्रमुख कसा? यावर दहा मिनिटं गेली तरी जाऊ द्या.

बरोबरी झाली तर? चौदा जण आले आणि 7-7 पडली तर? हेही आधीच ठरवा. आम्ही एकदा फेरमतदान घेतो आणि पुन्हा बरोबरी झाली तर चिठ्ठी काढतो. पीठासीन अधिकाऱ्याला निर्णायक मत द्यायचं नाही, कारण तो समितीचा सदस्यच नाही. लोकसभेच्या समितीत बरोबरी झाल्यास प्रमुखाला दुसरं किंवा निर्णायक मत असतं, पण ते प्रमुख झाल्यावर. प्रमुख निवडताना ते मत कुणाकडेच नसतं, ही बाब मुलांना स्वतः शोधू द्या.

लोकसभेच्या समितीत कायमचा उपप्रमुख नसतो. प्रमुख गैरहजर असला तर हजर सदस्य त्या बैठकीपुरता आपल्यातला एक निवडतात. आम्ही मात्र उपप्रमुख निवडतो आणि तो दुसऱ्या बाजूचा असला पाहिजे असं बंधन ठेवतो. प्रमुख सत्ताधारी बाकावरचा असेल तर उपप्रमुख विरोधी बाकावरचा. कॅनडातही बहुतेक समित्यांत असंच असतं. यामुळे निवडणूक हरलेल्या बाजूची मुलं दुसऱ्या बैठकीला येतात. नाहीतर येत नाहीत, हे मी पाहिलं आहे.

दुसरी बैठक: नियमांचे ठराव

लोकसभेच्या समितीला तपशिलाचे नियम अध्यक्षांच्या मंजुरीनं करता येतात. कॅनडात पहिल्या बैठकीतच नेहमीचे काही ठराव एकापाठोपाठ एक मांडून मंजूर केले जातात: साक्ष, म्हणजे बोलावलेल्या बाहेरच्या माणसांचं म्हणणं, ऐकायला किती सदस्य पुरेत, प्रश्नाला किती मिनिटं, कागद कसे वाटायचे, प्रस्तावाची सूचना किती आधी द्यायची. आम्ही त्यातलं आपल्याला झेपेल तेवढं उचललं आणि काही आपलं घातलं. प्रत्येक ठराव वेगळा मांडा, त्यावर उपसूचना, म्हणजे सुचवलेल्या दुरुस्त्या, घ्या आणि वेगळं मतदान घ्या. सगळे एकगठ्ठा मंजूर केले की मुलं वाचतही नाहीत.

बैठकीची वेळ. याला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. आमच्या कॉलेजातली निम्मी मुलं खेड्यांवरून येतात. शेवटची सोयीची एसटी साडेचारला सुटते, तीही सणासुदीला रिकामी मिळेल याची खात्री नाही. दुसऱ्या वर्षी बैठक तीनला सुरू झाली, चर्चा रंगली आणि मतदान पाच वाजता झालं. तोवर सात मुलं निघून गेली होती, त्यात सहा मुली. ठराव मंजूर झाला तो फक्त गावातल्या मुलांच्या मतांनी. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं. गणपूर्ती होती, म्हणजे बैठकीला लागतात तेवढे सदस्य हजर होते, आणि बहुमत होतं. तरी ते मला बरोबर वाटलं नाही. आता आमचा नियम असा आहे: चार वाजल्यानंतर कोणतंही मतदान होणार नाही. चर्चा चालू ठेवा, साक्ष ऐका, पण मत उद्या. तुमच्या गावाची शेवटची गाडी कधी आहे हे पाहून तुमची वेळ ठरवा, आणि ती ठरावात आकड्यानं लिहा. ‘शक्यतो लवकर’ असं लिहिलं तर तो नियम होत नाही.

गणपूर्ती. लोकसभेच्या समितीत एक तृतीयांश सदस्य हजर असले की गणपूर्ती होते. नसेल तर प्रमुख बैठक थांबवतो किंवा पुढे ढकलतो, आणि लागोपाठ दोन तारखांना असंच झालं तर सभागृहाला कळवतो. पंधरा जणांच्या समितीत हे पाच होतात. पाच जणांनी अहवाल मंजूर करायचा हे मला पटत नाही, म्हणून आम्ही दोन पायऱ्या ठेवतो. साक्ष ऐकायला पाच पुरेत, पण त्यात दोन्ही बाजूंचा किमान एकेक हवा. अहवालावर मत घ्यायला आठ लागतात. लोकसभेत परवानगीशिवाय लागोपाठ दोन किंवा जास्त बैठकांना गैरहजर राहणाऱ्या सदस्याला समितीतून काढण्याचा प्रस्ताव सभागृहात येऊ शकतो. आम्ही हाच नियम ठेवतो, पण कांद्याची लागण किंवा कापसाची वेचणी असली तर आधी चिठ्ठी देऊन सुट्टी मिळते.

बोलण्याची पाळी आणि वेळ. प्रत्येक साक्षीदाराला सात मिनिटं, प्रत्येक सदस्याला प्रश्न आणि उत्तर मिळून तीन मिनिटं. सदस्याचं भाषण लांबलं तर साक्षीदाराला उत्तराला वेळ उरत नाही, आणि हे सदस्याच्याच लक्षात यायला लागतं. पहिल्या फेरीत सगळ्यांची पाळी झाल्याशिवाय कोणीही दुसऱ्यांदा बोलायचं नाही. घड्याळ धरायला एक मुलगा वेगळा ठेवा. प्रमुखाला घड्याळ आणि यादी दोन्ही सांभाळता येत नाही. आणि सगळं बोलणं प्रमुखाला उद्देशून. वर्गात एरवी एकमेकांना भाऊ, ताई म्हणणारी मुलं इथे ‘माननीय सदस्य’ म्हणू लागली की भांडणाचा सूर आपोआप खाली येतो.

भाषा. हा ठराव दुसऱ्या कुठल्या प्रदेशातल्या कॉलेजला कदाचित लागणार नाही, आपल्याला लागतो. आमच्या वर्गात अहिराणी बोलणारी, लेवा गणबोली बोलणारी, पावरी आणि भिली बोलणारी मुलं एकत्र बसतात. प्रमाण मराठीत बोलायचं म्हटलं की त्यातली निम्मी गप्प होतात. संविधानाच्या 120 व्या अनुच्छेदात तरतूद आहे की ज्या सदस्याला हिंदी किंवा इंग्रजीत नीट बोलता येत नाही, त्याला सभागृहात मातृभाषेत बोलण्याची परवानगी पीठासीन अधिकारी देऊ शकतो. आम्ही त्याच धर्तीवर ठराव केला: साक्षीदार आणि सदस्य आपल्या बोलीत बोलू शकतील, शेजारचा सदस्य दोन वाक्यांत मराठीत सार सांगेल, आणि इतिवृत्तात दोन्ही लिहिलं जाईल. चोपड्याकडचे एक शेतकरी आबा साक्षीला आले होते. विम्याची भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदींवर ठरते. त्यांच्या बागेत वादळानं केळी आडवी झाली, केंद्रावर मात्र वाऱ्याचा तेवढा वेग नोंदला गेला नव्हता. ते म्हणाले, “वारं मन्हा बागमा उनं, मशीनमा नही उनं.” (वारा माझ्या बागेत आला, यंत्रात नाही आला.) बोलीतलं हे वाक्य आम्ही अहवालात जसंच्या तसं घेतलं. मराठीत भाषांतर करून घेतलं असतं तर त्यातला जीव गेला असता.

इतिवृत्त. कोण लिहिणार, हे नावानिशी ठरवा आणि दर बैठकीला माणूस बदला. काय निर्णय झाला, कोणी सुचवला, बाजूनं किती आणि विरोधात किती, एवढं आलंच पाहिजे. पुढच्या बैठकीची सुरुवात मागचं इतिवृत्त वाचून आणि मंजूर करून. ‘मी असं म्हणालो नव्हतो’ हे तिथेच म्हणायचं, अहवाल लिहिताना नाही.

सूचना. नवा प्रस्ताव मांडायचा तर तो दोन दिवस आधी लेखी द्या. ग्रुपवर टाकला तरी चालेल, पण सगळे ज्या ग्रुपवर आहेत त्याच ग्रुपवर. दोन मुलांकडे स्मार्टफोन नव्हते, म्हणून आम्ही ग्रंथालयाच्या फलकावरही कागद लावतो.

गुप्तता. संसदीय समितीच्या बैठका बंद दाराआड होतात, आणि अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत तो, साक्ष आणि कामकाज सगळं गोपनीय असतं. मुलांना हे सुरुवातीला लपवाछपवीसारखं वाटतं. त्यांना सांगा की दार बंद असल्यामुळेच सदस्य पक्षाची भूमिका बाजूला ठेवून मत बदलू शकतो. एका वर्षी अहवालाचा कच्चा मसुदा एका मुलानं फोनच्या स्टेटसवर ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच मसुद्यातल्या एका शिफारशीला आदल्या दिवशी तयार झालेले तिघे मागे सरले, कारण गावात कुणीतरी त्यांना छेडलं होतं.

आता विषय

नियम मंजूर झाले, इतिवृत्तात चढले, सगळ्यांच्या सह्या झाल्या, की मगच विषयाचं पाकीट फोडा. आमच्याकडे केळीचा फळपीक विमा, तापीवरचा पाडळसे इथला रखडलेला निम्न तापी प्रकल्प आणि आश्रमशाळांमधलं शिक्षण हे विषय झाले. विषय आपल्या जिल्ह्यातला घ्या, म्हणजे साक्षीदार बोलावता येतात. कृषी सहायक, शेतकरी, निवृत्त अभियंता, शाळेतली मुख्याध्यापिका असे लोक बोलावलं तर आनंदानं येतात. जिथे खरा माणूस मिळत नाही तिथे एखाद्या विद्यार्थ्याला अधिकाऱ्याची भूमिका द्या आणि आठवडाभर आधी कागद वाचायला द्या. न वाचता आलेला साक्षीदार समितीला काहीच देत नाही.

साक्ष संपली की साक्षीदार, पाहुणे, मीसुद्धा, सगळे बाहेर. समिती आपसात विचार करत असताना परका माणूस आत नको, हा लोकसभेचाही नियम आहे. मुलं दार लावून घेतात तेव्हा मी व्हरांड्यात उभा असतो. आतून आवाज चढलेला ऐकू येतो आणि थोड्या वेळानं प्रमुखाचा आवाज ऐकू येतो: “यादीत पुढे कोण?”

अहवाल बहुमतानं मंजूर होतो. ज्याला पटलं नाही त्यानं भिन्नमत लिहून द्यावं. विभागीय स्थायी समित्यांच्या अहवालाला असं भिन्नमत जोडता येतं. लोकलेखा समितीत ती सोय नाही. आम्ही ती दिली आहे आणि त्याला एक पानाची मर्यादा आहे. पहिल्या वर्षी हा नियम असता तर त्या दोन मुलींचं म्हणणं आज आमच्या कपाटात असतं.

शेवटी अहवालाची एक प्रत संबंधित तालुका कार्यालयात पोच घेऊन द्या. विभागीय स्थायी समितीच्या शिफारशींवर काय केलं याचं उत्तर मंत्रालयानं तीन महिन्यांत द्यायचं असतं. आपल्याला कोणी उत्तर द्यायला बांधील नाही, पण पोच घेतलेल्या तारखेपासून तीन महिने मोजून दिनदर्शिकेवर खूण करा आणि त्या दिवशी कोण दोघं विचारायला जाणार त्यांची नावं शेवटच्या इतिवृत्तात लिहून ठेवा. त्यातला एक दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी असू द्या, कारण तिसऱ्या वर्षाची मुलं तोवर कॉलेजातून गेलेली असतात.